पुरुषांच्या वॉर्डात चंदनबाला

आष्ट्याच्या आवटींची चंदनबाला पुण्याहून डॉक्टरकीची एल.सी.पी.एस. परीक्षा होऊन आली, तेव्हा गावानं तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरवून टाकलं होतं. बाई डॉक्टर झाली म्हणजे बाळंतपणं करणार. तिची आई चंपाबाई शेजारणींना तेच सांगायची. चंदनबालेच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं, आणि त्याचं कारण तिचे वडील.

ती शाळेत होती तेव्हा अप्पांना ताप धरला. उजव्या बरगडीखाली निखारा ठेवल्यागत होतंय, असं ते पुन्हापुन्हा सांगत होते. डॉक्टर हिवताप म्हणून क्विनाइन पाजत राहिले. दोन महिन्यांत अप्पा गेले. पुढं पुण्यात शिकताना एका मृतदेहाची तपासणी चालली होती. यकृतात नारळाएवढं गळू निघालं. शिकवणारे सहज म्हणाले, "जुन्या आवेचं दुखणं. वेळेवर सुईनं पू काढला असता तर हा माणूस चालत घरी गेला असता." त्या दिवशी चंदनबाला जेवली नाही.

एकोणीसशे त्रेचाळीस साली तिनं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाला पत्र घातलं. तिथं पोटाच्या आणि यकृताच्या रोग्यांचा वेगळा वॉर्ड होता आणि निवडक डॉक्टरांना तिथं वर्षभर शिकायला ठेवून घेत. उत्तर आलं, स्त्री-डॉक्टरांसाठी प्रसूती विभागात जागा रिकामी आहे. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला तिनं ट्रंक भरली आणि स्वतःच जाऊन उभी राहिली.

विभागाचे प्रमुख कागदांवरून मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडचे निम्म्याहून जास्त रोगी पुरुष आहेत, बाई. त्यांची पोटं तपासणार तुम्ही?"

"का नाही? पुरुषाचं यकृत डाव्या बाजूला असतं का?"

आता त्यांनी मान वर केली. हसले नाहीत. "रजिस्टरात नाव चढणार नाही. दाखला मिळणार नाही. उभं राहून बघायचं असेल तर बघा."

तिनं बघितलं. चौदा महिने बघितलं, आणि पहिल्या दोन महिन्यांनंतर नुसतं बघितलं नाही. बरोबरचे डॉक्टर चहाला गेले की ती खाटेशी बसायची. दोन बरगड्यांमधल्या खाचेत एकेक बोट दाबत जायची आणि रोगी कुठल्या बोटाला दचकतो ते टिपून ठेवायची. पोटात पाणी झालेले, काविळीनं पिवळे पडलेले, आवेनं खंगलेले असे शेकडो देह तिच्या हाताखालून गेले. एकदा सुई कुठं घालायची यावरून वाद झाला. प्रमुखांनी दाखवलेल्या जागेपेक्षा दोन बोटं मागं घाला, असं तिनं तोंडावर सांगितलं. त्यांच्या जागी सुई कोरडीच राहिली. मग त्यांनी सुई काढली आणि तिच्या हातात दिली. दोन बोटं मागं पू लागला. त्या दिवसापासून तो वॉर्ड तिचा झाला, पण रजिस्टरात तिचं नाव कधीच चढलं नाही.

पंचेचाळीसला तिनं सांगलीत दवाखाना उघडला. पाटीवर नावाखाली लिहून घेतलं, 'पोट व यकृताचे विकार'. चंपाबाई कपाळाला हात लावून बसली. "अगं, बाळंतपणं तरी लिही त्यात! लोकं काय म्हणतील?"

"ती मी करीनच. पण पाटीवर हेच राहील."

पहिले काही महिने पोट दाखवायला कुणी पुरुष फिरकला नाही. मग एका दुपारी दारात टांगा थांबला. वडूजकडचा नानासो नावाचा शेतकरी आत मुटकुळं करून पडला होता. बरोबर बायको बनुबाई आणि थोरला भाऊ लालासाहेब. दोन महिने ताप, अंगाचा नुसता सापळा. साताऱ्याच्या डॉक्टरनं क्षय सांगितला होता, म्हणून मिरजेच्या क्षयाच्या इस्पितळाला निघाले होते. वाटेत मोटारीत कळ इतकी वाढली की सांगलीतच उतरावं लागलं.

तिनं खोकला विचारला. नव्हता. मग उजव्या बरगड्यांत बोट दाबत गेली. चौथ्या ठिकाणी नानासो ओरडला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"ह्यो क्षय न्हाई," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली. "यकृतात पू झालाय. आत्ता काढायला पायजे."

लालासाहेब पुढं झाला. "आवं, मोठ्या डाक्टरनं क्षय म्हनून सांगितलंया. तुमी बाईमाणूस, आमच्या भावाच्या पोटात सुई घालनार? न्हाई जमायचं. मी मिरजेच्या डाक्टरला इचारल्याबिगर हात लावू देनार न्हाई."

"विचारा की. पण पू आत फुटला तर तुमी विचारून येईस्तोवर हा राहणार न्हाई. माझे वडील असेच गेले."

लालासाहेब दारात आडवा उभा राहिला. तेव्हा बनुबाईनं डोक्यावरचा पदर घट्ट ओढला. "दाजी, बाजूला व्हा. कुकू माजं हाय. बाई, घाला सुई."

चंदनबालेनं जागा बधिर केली आणि जाड सुई हळूहळू आत सारली. एक बोट, दोन बोटं. काहीच नाही. लालासाहेबाचा श्वास तिच्या मानेवर लागत होता. तिनं टोक किंचित मागं वळवलं. पिचकारीत काकवीच्या रंगाचा दाट पू चढायला लागला. तांब्याभर निघाला. नानासोनं दोन महिन्यांत पहिल्यांदा पाय लांब केले आणि तिथंच झोपी गेला. पुढं दहा दिवस आवेवरच्या एमेटिनची इंजेक्शनं झाली आणि तो स्वतःच्या पायांनी टांग्यात चढला. लालासाहेब तिच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. पण महिन्याभरात वडूजचे आणखी दोघे आले, आणि धाडणारा लालासाहेबच होता.

सगळ्यांचं असं निभावलं नाही. पुढच्या वर्षी एक विणकरीण आली. तिला आणलं तेव्हाच गळू आत फुटलेलं होतं. चंदनबालेनं सुई घातली, पण बाई संध्याकाळी गेली. गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत एका वयस्क डॉक्टरनं सगळ्यांदेखत विचारलं, "हे सुया खुपसणं तुम्हाला शिकवलं कुणी? दाखला आहे का?"

ती उठली. "दाखला नाही. चौदा महिने आहेत." मग तिनं वही उघडली आणि गेलेल्या बाईची हकिकत आधी वाचली. सुई घालायला किती उशीर झाला होता आणि त्याआधी कुणी काय औषध दिलं होतं, नावं न घेता सगळं. मग जीव वाचलेल्या एकोणीस जणांची. वाचून होईपर्यंत ती खाली बसली नाही. विचारणारे डॉक्टर शेवटच्या पानाआधीच टोपी घालून निघून गेले. तरुण डॉक्टरांपैकी धन्यकुमार शेटे तेवढा थांबला. बरगडीत बोट कुठं दाबायचं ते दाखवा, म्हणाला. तिनं त्याला तिथंच बाकावर आडवं केलं आणि त्याच्याच बरगड्यांवर दाखवलं.

एकोणपन्नासला मुंबईच्या त्या इस्पितळाचं पत्र आलं. आता तिथं यकृतविकारांचं रीतसर शिक्षण सुरू झालं होतं आणि स्त्रियांनाही प्रवेश होता. चंदनबालेचे जुने चौदा महिने मात्र धरता येणार नव्हते. एक वर्ष नव्यानं येऊन राहिलात तर दाखला मिळेल, असं नव्या प्रमुखांनी लिहिलं होतं.

चंपाबाई म्हणाली, "जा की गं. कागद असला की तोंडं बंद होतील."

चंदनबालेनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं, 'माझे रोगी एक वर्ष थांबायला तयार झाले तर मी येते. आज ज्यांना विचारलं, त्यांतला एकही तयार नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना गळवाचे रोगी बघायचे असतील तर त्यांना सांगलीला पाठवा. मुलीही पाठवा. इथं सगळ्यांची नावं रजिस्टरात चढतात.'

पुढच्या जूनमध्ये मुंबईहून दोघं शिकायला आली. त्यांत एक मुलगी होती.