माझ्यासाठी थांबलेला ट्रक

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मला चार महिन्यांसाठी हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला शिकायला जायची संधी मिळाली. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि मी बॅग हातात धरून तशीच उभी राहिले. समोर नजर पोचेल तिथवर सायकली, नुसत्या सायकली! आमच्या गावी, राहनाळला, दारावरून दिवसभर गोदामांचे कंटेनर जायचे, त्यामुळे गाड्यांची गर्दी मला नवी नव्हती. पण इथे इंजिनाचा आवाजच नव्हता. फक्त घंट्या.

जिच्या घरी मी राहणार होते ती बाई मला न्यायला आली. वय सत्तरीच्या पुढचं, केस पांढरेशुभ्र. एका सायकलवर बसून दुसरी सायकल एका हाताने धरून ती आरामात चालवत आणत होती. मी बघतच राहिले.

"ही तुझी," ती इंग्रजीत म्हणाली आणि माझी बॅग स्वतःच्या कॅरिअरवर बांधायला लागली.

"मी चालत येते ना," मी म्हटलं.

"चालत? का बरं?"

काय सांगणार? सातवीत असताना कशेळीच्या रस्त्यावर एक ट्रक इतक्या जवळून गेला होता की मी सायकलसकट गटारात पडले होते. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण बाबांनी त्याच संध्याकाळी सायकल कुणाला तरी देऊन टाकली. त्यानंतर मी सायकलला हात लावला नव्हता.

हे सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि माझी सीट थोडी खाली केली. "चल, मी मागेच आहे."

पहिली पन्नास-साठ पावलं सायकल डुगडुगली. मग अंगाला आठवलं. वारा कानात शिरला आणि मला एकदम ओरडावंसं वाटलं, इतका आनंद झाला! तेवढ्यात समोर वळण आलं. मी ब्रेक दाबायला बोटं पुढे केली, तर हँडलला ब्रेकच नाही.

"ब्रेक कुठाय?" मी ओरडले.

"पायात! पेडल उलटं मार!"

समजेपर्यंत मी एका कुंपणाच्या झुडपात शिरले होते. केसांत पानं, हाताला ओरखडे. म्हातारी धावत आली. मी हसतेय हे बघून तीही हसायला लागली.

पुढच्या चौकात एक भलामोठा ट्रक आला. मी सवयीने बाजूला उतरले आणि त्याला "जा जा" असा हात केला. तो जाईना. ड्रायव्हरनेच मला हात केला, तू जा. मी परत त्याला. त्याने परत मला. मागे सायकलवाल्यांची रांग लागली. म्हातारी म्हणाली, "अगं जा, पहिला हक्क तुझा आहे!" मग मी परत सायकलवर बसले आणि मान ताठ करून त्या ट्रकच्या तोंडासमोरून गेले. एखाद्या मंत्र्याची गाडी जावी तशी!

त्या संध्याकाळी बूथवरून घरी फोन केला.

"बाबा, आज माझ्यासमोर ट्रक थांबला."

"बंद पडला असंल."

"न्हाय हो. माझ्यासाठी थांबला. मी सायकलवर होते."

बाबांनी फोन आईकडे दिला. मग आईचा आवाज आला, "सायकलवर? आगं, लागलं तर न्हाय ना?" आणि मागून बाबांचा, "विचार तिला, थांबला म्हंजे पुरा थांबला?"

"पुरा!" मी इतक्या जोरात म्हटलं की बूथबाहेरचा माणूस वळून बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच विद्यापीठात निघाले. रस्ता एवढा गुळगुळीत की पाय थांबेनात. अर्ध्या तासाने बघते तर इमारती संपलेल्या आणि दोन्ही बाजूंना मेंढ्या चरतायत. एका शेतकऱ्याला विचारलं, तर त्याने मी आले होते तिकडेच बोट दाखवलं.

वर्गात पोचले तेव्हा तास निम्मा झाला होता. सरांनी कारण विचारलं. मी घामाने चिंब झाले होते, खरं ते सांगून टाकलं, "सर, सायकल थांबवावीशीच वाटली नाही." सगळा वर्ग हसला. तास सुटल्यावर मागच्या बाकावरच्या दोन मुली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "रविवारी आम्ही समुद्रापर्यंत जाणार आहोत. येतेस?"

किती लांब, हेसुद्धा न विचारता मी हो म्हटलं.