कोपऱ्यावरच्या काकांची माकडटोपी

शिकागोजवळच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या काकांइतका संशयी माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर काकांना त्याचा संशय आधीच आलेला असेल. मूळचे कऱ्हाडचे. चाळीसेक वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून इकडे आले, आता रिटायर झालेत. पण नोकरीतून, संशयातून नव्हे. शेजारची गोरी बाई ख्रिसमसला घरी केलेल्या कुकीज घेऊन आली, तर काका म्हणाले, "एवढी गोड का वागतेय? हिला आपलं मेपलचं झाड तोडून हवं असणार." छप्पर दुरुस्त करणारी स्पॅनिश बोलणारी माणसं गल्लीत दिसली, की ती खाली उतरून ट्रकमध्ये बसेपर्यंत हे खिडकीतून हलत नाहीत. हायवेजवळच्या नव्या अपार्टमेंटांत कुठून कुठून आलेली कुटुंबं राहायला आली, तेव्हा तर आठवडाभर काकांना जेवण गोड लागेना. "आम्ही लायनीत उभं राहून आलो रे! कागद, मेडिकल, इंटरव्ह्यू! हे कसे आले, कोणाला ठाऊक?" सहा वर्षांपूर्वी मी इथे घर घेतलं तेव्हा माझीही अशीच उलटतपासणी झाली होती. व्हिसा कुठला, कॉलेज कुठलं, सासुरवाडी कुठली. सासुरवाडी साताऱ्याची निघाली तेव्हा कुठे चहा मिळाला.

गंमत अशी, की लोक आपल्यावर संशय घेतील ही धास्तीही काकांना तेवढीच. कोटाच्या आतल्या खिशात पासपोर्ट कायम. कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला लावायला निघाले तरी. दुकानात मराठी बोलायची बंदी. काकू आपल्या खणखणीत आवाजात विचारतात, "अहो, कोथिंबिरीची एक जुडी घेऊ की दोन?" काका इकडेतिकडे बघत हळूच म्हणतात, "वन इज फाइन, डिअर." मग काकू आणखी मोठ्याने, "मेलं, घरी तर कधी डिअर म्हणत नाही हा माणूस!" फिरायला जाताना डोक्यावर इथल्या टीमची बेसबॉल कॅप. बेसबॉलमधलं काकांना ओ की ठो कळत नाही. "पण कॅप बघितली की लोकांना माणूस आपला वाटतो," असं त्यांचं म्हणणं.

माझ्या दारावर कॅमेरा आला तोही काकांच्या भुणभुणीमुळे. स्वतः शिडी धरून उभे राहिले. मग गल्लीच्या ऑनलाइन ग्रुपचे धडे दिले. कोणी संशयास्पद दिसलं की लगेच फोटो टाकायचा. पण स्वतःचं नाव द्यायचं नाही, तिथे नाव लपवायची सोय आहे. "नाव दिलंस की डूख धरतात, यार!" सत्तरीतल्या माणसाच्या तोंडी ते यार ऐकून मला हसू आलं होतं.

गेल्या जानेवारीत मी दुपारच्या ट्रेनने शिकागोहून परत येत होतो. फोन वाजला, दारावरच्या कॅमेऱ्याचा इशारा. माझ्या दाराशी कोणीतरी होतं. बघतो तर डोळ्यांपर्यंत ओढलेली कसलीशी लोकरी टोपी, गालाचा सावळा तुकडा, आणि दाराचं हँडल हलवून बघणारा हात. बायको आणि मुलगी घरी यायची वेळ. शिकवल्याप्रमाणे टोपीपुरता फोटो कापला आणि नाव न देता ग्रुपवर टाकला: 'हा माणूस घरांची दारं उघडून बघतोय. सावध राहा.' दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं ते काकांचं. 'आपल्या भागातला नाही. बाहेरून आलेले लोक. पोलिसांना कळवा.' मग लोक तुटूनच पडले. कोणी लिहिलं, त्या अपार्टमेंटांतलाच असणार. कोणी लिहिलं, आले तिथे परत पाठवा. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "अरे, जरा येऊन जा. हे काल चालायला गेले ते पोलिसांच्या गाडीतून घरी आले." मी धावत गेलो. काका सोफ्यावर बसले होते आणि शेजारी ती टोपी. थंडी फार म्हणून काकूंनी जबरदस्तीने घालायला लावलेली, कऱ्हाडहून आणलेली माकडटोपी. "पोलीस बिचारा सभ्य होता," काका म्हणाले. "फोनवरचा फोटो दाखवला. ग्रुपवर मी तो चालता चालता बिनचष्म्याचा बघितलेला. आता चष्मा लावून बघतो, तर मीच की रे! पासपोर्ट काढायला गेलो तर कोटाची चेनच उघडेना, तो म्हणाला, टेक युवर टाइम, सर." मग आवाज खाली आला. "तुम्हा चार मराठी घरांची दारं मी रोज हलवून बघतो. तुम्ही लोक कुलूप लावायला विसरता. त्यातल्याच कुठल्या दाराशी कोणी समोरून फोटो काढला असेल. तू कॉम्प्युटरवाला, शोधून काढ." मी मान हलवली.

घरी येऊन मी तो व्हिडिओ पहिल्यांदा पूर्ण बघितला. ट्रेनमध्ये सुरुवातीची चार सेकंदंच बघितली होती. पुढे काका हँडल सोडतात, कुलूप लागलंय म्हणून मान डोलावतात, पायरीवरचं माझं पार्सल उचलून रस्त्यावरून दिसू नये असं कुंडीमागे ठेवतात आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू पायऱ्या उतरतात. ज्या हातचा चहा मी सहा वर्षं पीत आलो, तो हात मला ओळखू आला नाही. मी फक्त त्याचा रंग बघितला आणि घाबरलो. लाज वाटली, फार लाज वाटली. पण सांगितलं नाही.

त्यानंतर काकांनी बाहेर फिरणं बंद केलं. गॅरेजमध्येच गाडीभोवती घिरट्या घालायचे. शेवटी काकू म्हणाल्या, "तू बरोबर असलास तर येतील." तेव्हापासून संध्याकाळी आम्ही दोघं चालतो. बेसबॉल कॅप त्यांनी टाकून दिलीय, आता माकडटोपीच. मात्र प्रत्येक दारासमोर थांबतात, भर थंडीत टोपी उतरवतात आणि टकलावर बर्फ पडत असताना त्या घराच्या कॅमेऱ्याला हात करतात. "दिसू दे नीट, कोण आहे ते," म्हणतात. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाला माझा मात्र संशय आलेला नाही. रोज ठरवतो, आज सांगायचं.

काल चालत चालत माझ्या दारापाशी आलो. सांगायला तोंड उघडलं, तर काका टोपी न काढताच पायऱ्या चढले, हँडल हलवून बघितलं आणि समाधानाने खाली आले. "काका, इथे टोपी नाही काढलीत?" मी विचारलं.

"तुझ्याकडे कशाला रे?" ते म्हणाले. "तू तर ओळखतोस मला."