अकरा स्वच्छ मडकी

माझी आत्या धुणारी. कपडे-भांडी धुणारी नव्हे. ती संग्रहालयाच्या तळघरात जुन्या वस्तू धुवायची. घरात हा फरक कोणी फारसा मानला नाही. पाहुण्यांना वडील सांगायचे, ताई संग्रहालयात आहे, आणि लगेच विषय बदलायचे.

तळघराला एकच खिडकी, तीही छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात, बाकीचा माणूस दिसत नाही. आमचे मुख्याध्यापक दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालतात, हे मला आत्याकडूनच कळलं. खिडकीखाली दगडी बेसिन, काठावर लहानमोठे ब्रश, अगदी टूथब्रशपर्यंत. त्या बेसिनपाशी ती एकतीस वर्षं उभी राहिली. वरच्या दालनात बदलीची संधी तीनदा आली आणि तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. मी तिला तोंडावर घुबड म्हणायचे. ती हसायची आणि आमच्याकडचा कप चहा ओतायच्या आधी पुन्हा विसळून घ्यायची. माझ्या आईचं तोंड वाकडं व्हायचं.

तिला नोकरीला लागून तिसरं वर्ष होतं. गटाराचं काम निघालं आणि पहिल्या राजाच्या महालाखाली, फरशीच्याही चार हात खाली, मजुरांना एक चूल लागली. चुलीभोवती मातीची मडकी. टोपल्यांत घालून ती तळघरात आली.

तळघराची रीत अशी होती की आधी धुवायचं, मग बुडाला शाईने नंबर घालायचा आणि शेवटी रजिस्टरमध्ये नोंद करायची. मळक्या मडक्यावर शाई धरत नाही, एवढंच त्याचं कारण. रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, ‘आले तेव्हाची स्थिती’. आत्याने कोमट पाणी, ब्रश आणि किंचित आम्ल वापरून तीन दिवसांत अकरा मडकी लख्ख केली. आतला काळा थर काही केल्या निघेना, तो तिने खरवडून काढला. मग रकान्यात लिहिलं, ‘स्वच्छ’. खाली दहा वेळा ‘वरीलप्रमाणे’. तिथे सगळे असंच लिहायचे. लिहिताना वस्तू समोर स्वच्छच असायची, त्यामुळे त्यात काही खोटं आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. साहेबांनी तिची पाठ थोपटली.

ते साहेब इतिहासाचे. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचा इतिहास कसला, असं ते म्हणायचे. माती, बिया, हाडं हे शेजारच्या इमारतीतल्या शास्त्रवाल्यांचं काम, आणि दोन्ही इमारतींमधल्या दाराला कुलूप. त्यांनी मडकी हातात घेतलीच नाहीत, रजिस्टर घेतलं. मडकी आली तेव्हा स्वच्छ होती, म्हणजे त्यांत कधी काही शिजलं नव्हतं. म्हणजे महालाचा पाया घालताना राजाने ती नवी कोरी पुरली असणार. म्हणजे राजाच्या आधी इथे कोणी राहतच नव्हतं. चूल? ती पाया खोदणाऱ्या मजुरांचीच असेल. हे त्यांच्या पुस्तकात छापलं गेलं, तिथून पाठ्यपुस्तकात आलं आणि तिथून माझ्या तोंडी. मी इतिहास शिकवते. ‘हे शहर पहिल्या राजाने ओसाड जागी वसवले’ हे वाक्य मी अठरा वर्षं पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आले.

मडकी आली त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या इमारतीतून एक विद्यार्थिनी आली. जळक्या बिया शोधत हिंडायची, म्हणून तळघराने तिचं नाव बियाणेबाई ठेवलं. तिने मडकी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, आतली काजळी कुठे गेली? करपलेलं अन्न मडक्याला हजारो वर्षं धरून राहतं. त्यावरून काय शिजलं आणि केव्हा शिजलं, दोन्ही सांगता येतं, असं तिने अगदी गोडीने समजावलं. 

“ती अशीच आली होती,” आत्या म्हणाली आणि रजिस्टर पुढे केलं. मुलीने वाचलं, आभार मानले आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात फडताळ आवरताना आत्याला बिस्किटांचा एक डबा सापडला. आत बारावं मडकं, तुकड्यांचं. जेवणाच्या सुट्टीपायी मागे राहिलेलं. धुतलं नाही म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून नोंद नाही. आतून काळंकुट्ट, आणि त्या थरात रुतलेले दोन दाणे. हा डबा दाखवला की पहिला प्रश्न येणार: बाराव्याला काजळी आहे तर अकरांना का नाही? आत्याने झाकण लावलं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं तिला तो डबा फेकवला नाही आणि दाखववलाही नाही. वर बदली घेतली असती तर फडताळ दुसऱ्याच्या हाती गेलं असतं. तिच्या तिन्ही नकारांमागे एवढंच होतं.

मला हे गेल्या महिन्यात कळलं. बियाणेबाई आता संग्रहालयाच्या प्रमुख आहेत. त्यांनी दोन इमारतींमधलं दार उघडलं आहे आणि इतिहासाच्या दालनाआधी एक नवं दालन मांडायला घेतलं आहे: दगडी हत्यारं, नदीचा गाळ, हाडं, बिया. अकरा मडक्यांना तिथे जागा नव्हती, कारण त्यांचा काळ सांगणारं त्यांच्यावर काहीच उरलं नव्हतं. तळघर रिकामं करायचं होतं, आणि नंबर नसलेली प्रत्येक वस्तू शुक्रवारी ट्रकमधून कचऱ्यात जाणार होती. आत्याच्या निवृत्तीला सतरा दिवस उरले होते. आवराआवरीला ये, म्हणून तिने मला बोलावलं आणि डबा मांडीवर घेऊन सगळं सांगितलं.

मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला.

“आत्या, अठरा वर्षं मी पोरांकडून हे घोकून घेतेय.”

“माहीत आहे. पहिल्या वर्षी तू पाठ काढून मला वाचून दाखवला होतास.”

ते मला आठवलं. ती मध्येच उठून कप विसळायला गेली होती.

डबा गुपचूप वर नेऊन ठेवू, असं मी सुचवलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि बियाणेबाईंना, आता सगळ्यांच्या मॅडमना, खाली बोलावलं. त्या आल्या, झाकण उघडलं आणि तशाच जमिनीवर बसल्या. दाण्यांना हात लावला नाही. आत्याने दोनच वाक्यांत सांगितलं. मॅडम मोठ्या मनाच्या. फडताळामागे हे आत्ताच सापडलं असं लिहू, म्हणाल्या. अकरांची नोंद तशीच राहू दे, शेवटच्या दिवसांत कशाला सेवापुस्तक खराब करायचं. माझा जीव भांड्यात पडला.

“तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं, बाई,” त्या म्हणाल्या.

“धुतलं तेव्हा नव्हतं माहीत,” आत्या म्हणाली. “तुम्ही विचारलंत तेव्हा होतं.”

रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. लाल शाईने एक रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी दुरुस्ती आणि सही. तळघरात लाल शाई नव्हती, म्हणून मी पर्समधलं पेपर तपासायचं पेन दिलं. ‘स्वच्छ’वर रेघ मारून तिने बारीक अक्षरांत लिहिलं, ‘आतून काजळी होती. मी धुतली. विचारल्यावर खोटे सांगितले.’ खालच्या दहा ओळींवर ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. तिने तिन्ही वाक्यं अकरा वेळा लिहिली, अकरा सह्या केल्या. मी आणि मॅडम उभ्या होतो. 

दाणे तपासणीला गेले आहेत, निकालाला सहा महिने लागतील. आत्याची चौकशी सुरू झाली आणि निरोपसमारंभ रद्द झाला. ती घरी बसली आहे. बारावं मडकं नव्या दालनात जाईल, असं मॅडमनी तिला कळवलंय. परवा ती आमच्याकडे चहा न विसळलेल्या कपातून प्यायली.

सोमवारी वर्गात मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. मुलांना सांगितलं की मी चुकीचं शिकवत होते. राजाच्या आधी, बहुतेक खूप आधी, इथे कोणीतरी चूल पेटवून काहीतरी शिजवलं होतं आणि ते करपलं होतं. मुलं हसली. मला फार मोकळं वाटलं.

मग तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?”

उत्तरपत्रिका बाहेरचे लोक तपासतात, आणि त्यांच्याकडे उत्तर एकच असतं.

“पुस्तकातलं लिहा,” मी म्हटलं. फळ्याकडे पाठ करून उभी राहिले, आणि आत्या अठ्ठावीस वर्षं गप्प कशी बसली ते मला तेव्हा कळलं.