पिकलेली वाक्यं

तुमचं बोलणं ऐकून झालं की बाई एक डोळा बारीक करायच्या आणि अंगठा-तर्जनी हवेत हळूच दाबायच्या, सीताफळ दाबून पाहतात तशा. मग मान हलवायच्या. "अजून पिकलं नाई."

हे तीन शब्द त्यांच्या तोंडून माझ्याइतके आमच्या गावात कुणी ऐकले नसतील. त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही, पण सुरुवात तिथूनच करायला हवी.

आमचं गाव मूल-गडचिरोली रस्त्यापासून जरा आत, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, पलीकडे. बाई तिथल्याच शाळेतून निवृत्त झाल्या आणि बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत वाचनालय चालवू लागल्या. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, अगदी बसथांब्याच्या समोर, त्यांनी शाळेनं मोडीत काढलेला एक फळा ठोकून घेतला. दर सोमवारी त्यावर एक गमतीचं वाक्य यायचं. ते थोरामोठ्यांचं नसायचं. गावातल्याच कुणाच्या तरी तोंडून सहज निघून गेलेलं असायचं, आणि खाली त्या माणसाचं पूर्ण नाव.

पहिलं गाजलेलं वाक्य थांब्यावर ताटकळून वैतागलेल्या एका म्हातारीचं. "आमच्या गावात वाघ टायमावर येते, बसच लेट येते."

बसच्या ड्रायव्हरनं ते वाचलं आणि इंजिन चालू ठेवूनच तो खाली उतरला. "बाई, हे काय लिहून ठेवलं? वाघाचं काय जाते? तो कधी पंचर होते काय?"

बाईंनी डोळा बारीक केला, बोटं दाबली. "हे पिकलं."

पुढच्या सोमवारी फळ्यावर वाघाच्या पंक्चरचं वाक्य आणि खाली ड्रायव्हरचं नाव. त्या सोमवारी बस वेळेच्या आधी आली. ड्रायव्हरनं फळ्याजवळ उभं राहून कंडक्टरकडून फोटो काढून घेतला आणि त्यानंतर आमची बस सहसा उशिरा आली नाही. अर्ज-विनंत्यांनी जे झालं नव्हतं ते एका हशानं झालं. बाई मात्र विजयी चेहरा वगैरे करत नसत. पुसणं हातात घेऊन त्या पुढच्या सोमवारच्या वाक्याच्या मागे लागलेल्या असत.

आता माझी गोष्ट. माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मी सूत्रसंचालन करतो. लग्नाचं स्वागत, निरोप समारंभ, सत्कार, काहीही असो, माईक माझ्या हाती. पंचक्रोशीतला बोलका माणूस म्हणून माझं नाव. असं असताना गावातल्या गुराख्यापासून अंगणवाडीच्या मदतनीसापर्यंत सगळे फळ्यावर झळकून गेले आणि मी नाही, हे मला किती झोंबायचं ते तुम्ही समजू शकाल. मी चंद्रपूरहून विनोदी वचनांचे संग्रह आणायचो, त्यातली वाक्यं जराशी फिरवायचो आणि बाईंसमोर जाऊन सहज सुचल्यासारखी बोलायचो. बोटं दाबली जायची. "नाई पिकलं."

बाईंना त्या संग्रहांचं वावडं होतं असं समजू नका. वाचनालयात त्यांचं एक अख्खं फडताळ होतं आणि त्यातली पुस्तकं सगळ्यांत जास्त मळलेली असत. दुपारी त्या कुठलंही पान उघडून वाचत बसायच्या आणि एकट्याच हसायच्या. "बाई, या पुस्तकांत एवढं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"अरे, एका पुस्तकात शंभर माणसं भेटते," त्या म्हणाल्या, "अन् एकही जण दोन वाक्यांच्या वर बोलत नाई. असे पाहुणे तुले कुठी भेटन?"

"बाई, हे लिहा ना फळ्यावर!"

"फळा माझा. बोलणं तुमचं." हा त्यांचा नियम. स्वतःचं वाक्य त्यांनी कधीच लिहिलं नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "तू निरोपाच्या भाषणात परदेशातल्या कोणाचं वाक्य सांगतलं. लोक हासले काय?"

नव्हते हसले. ग्रामसेवकाच्या निरोपाला मी एका बड्या लेखकाचं वाक्य फेकलं होतं आणि पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला होता. 

"ते वाक्य चांगलंच हाय," बाई म्हणाल्या. "पण तू त्याले उसनं आणलं. तुह्या घरी राह्यलं नाई ते."

फळ्याची खरी करामत भांडणांत दिसायची. एक सासू थांब्यावर म्हणून गेली, "आमची सून माझं सगळं ऐकते, फक्त करत नाई." सोमवारी ते फळ्यावर. सून पदर खोचून वाचनालयात हजर. "ऐकण्यातच दिवस जाते बाई, मंग कराले टाईम कुठी उरते?" पुढच्या सोमवारी तिचं वाक्य. मग दोघी एकमेकींच्या वाक्यांवर हसत थांब्यावर उभ्या असलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. नंतर गावात रीतच पडली. भांडण फार तापलं की तिसरा कुणीतरी म्हणायचा, "हे सोमवारले बोल ना!" आणि दोघंही जरा बरं वाक्य शोधायला लागायचे. शोधता शोधता राग निम्मा व्हायचा.

आणि बाईंची ती एकमेव चूक! एका म्हाताऱ्याला हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरनं टेन्शन घेऊ नका म्हटल्यावर तो म्हणाला होता, "मी घेत नाई डॉक्टर, घरपोच येते." बाईंनी वाक्य लिहिलं आणि नाव चुकून त्याच्या धाकट्या भावाचं टाकलं. म्हातारा काठी आपटत आला. "त्यानं माझ्या वावराचा बांध कोरला तं म्या काही म्हटलं नाई. पण माझं बोलणं त्याच्या नावावर? सातबाऱ्यावरचं नाव तलाठी सुधरवते, हे कोण सुधरवन?" बाईंनी सगळ्यांसमोर हात जोडले आणि आठवड्याच्या मधेच फळा पुसून नाव दुरुस्त केलं. आमच्या गावाला आपल्या बोलण्याची किंमत कळली ती अशी. दुसऱ्या गावात लोक शेतावर, घरावर हक्क सांगतात. आमच्याकडे वाक्यावर सांगतात. मला याचा फार अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

वर्षाअखेरीस त्या वाक्यांची पुस्तिका माझ्याच दुकानात निघायची, पिवळं कव्हर आणि दोन पिना. लग्नाच्या आहेरात लोक ती द्यायचे. तो म्हातारा पुढे वारला तेव्हा शोकसभेत मी भाषण केलं नाही. पुस्तिका उघडली आणि त्याचं घरपोचचं वाक्य वाचलं. त्याचा धाकटा भाऊ आधी हसला आणि मग मोठ्यानं रडला. उसन्या वाक्याबद्दल बाई काय म्हणत होत्या ते मला त्या दिवशी कळलं.

मग बाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, यांच्याशी ओळखीचं बोलत राहा, शब्द परत येऊ शकतात.

ओळखीचं म्हणजे काय, हे आमच्या गावाला सांगावं लागलं नाही. जो येईल तो खाटेजवळ उभा राहून स्वतःचं वाक्य अर्धं म्हणायचा आणि थांबायचा. म्हातारी म्हणाली, "आमच्या गावात वाघ टायमावर येते..." बाईंचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग आवाज आला. "ब... बस." म्हातारीनं तिथेच टाळ्या पिटल्या, नर्स धावत आली. सून म्हणाली, "ऐकण्यातच दिवस जाते बाई..." आणि दोन दिवसांनी बाईंनी पुढचं जवळजवळ सगळं म्हटलं. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या कवितेनं हे केलं नसतं. आमच्या लोकांच्या बोलण्यानं बाईंना बोलतं केलं.

माझी पाळी आली. मी खाटेजवळ उभा राहिलो आणि माझ्याकडे अर्धं म्हणायला काहीच नव्हतं. सगळ्यांकडे एकेक वाक्य होतं, मी तेवढा रिकामा. बाई माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी जे खरं होतं तेच तोंडून निघालं. "बाई, मले बोलाचे पैसे भेटते. फुकटात काय बोलावं, समजूनच नाई राह्यलं."

बाईंचा अर्धा चेहरा हसला. डावा हात पांघरुणातून बाहेर आला. अंगठा आणि तर्जनी हळूच दाबली गेली.

"पि... कलं."

मी व्हरांड्यात जाऊन रडलो. आनंदानं रडलो, हेही सांगून टाकतो. बाई घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी त्यांनी डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत माझं वाक्य फळ्यावर लिहिलं. आठवडाभर मी दुकानात कमी आणि थांब्यावर जास्त होतो. पुढच्या सोमवारी त्यांनी ते पुसलं. कुणाचंही असो, सोमवारी पुसायचं.

त्यानंतर बाई दोन पावसाळे होत्या. त्या गेल्या तेव्हा फळा माझ्याकडे आला. पहिल्या सोमवारी मी खडू घेऊन उभा राहिलो आणि त्यांचा एक नियम मोडला. लिहिलं, "एका पुस्तकात शंभर माणसं भेटते, अन् एकही जण दोन वाक्यांच्या वर बोलत नाई." खाली त्यांचं पूर्ण नाव. कित्येकांनी ते पहिल्यांदाच वाचलं, कारण सगळ्यांसाठी त्या नुसत्या बाई होत्या.

बस आली, वेळेवर. ड्रायव्हर तोच, आता केस पिकलेला. त्यानं खिडकीतून वाचलं आणि खदखदून हसला. मग नजर खालच्या नावावर गेली. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि टोपी काढून फळ्यासमोर उभा राहिला. त्याच्यामागून कंडक्टर उतरला, मग एकेक करत सगळे उतारू.

त्या दिवशी बस आमच्या गावातून लेट निघाली.