केस जाणार

कुरळे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव कोर्टात कुणाला माहीत नव्हतं, आणि पगाराच्या कागदावर ते वाचताना खुद्द त्यांनाही क्षणभर परकं वाटायचं. पंचवीस वर्षांपूर्वी ते वकीलसाहेबांकडे कारकून म्हणून लागले, तेव्हा डोक्यावर काळंभोर, दाट, कुरळं रान होतं. कंगवा आत गेला की शोधून काढावा लागायचा. साहेबांनी पहिल्याच दिवशी हाक मारली, "ए कुरळे, ती फाईल आण," आणि झालं, शिक्का बसला. तेव्हापासून अशिलांना खालीच सांगितलं जायचं, "वर जा, कुरळ्यांना भेटा." लोक कुरळे केस शोधत जिना चढायचे.

आता मला सांगा, माणसाचं नावच डोक्यावर उगवलेलं असलं आणि ते गळायला लागलं, तर त्यानं करावं काय?

गळती सुरू झाली चाळिशी ओलांडल्यावर. आधी उशीवर, मग न्हाणीघराच्या जाळीत, मग जेवणाच्या ताटात. बायको म्हणाली, "अहो, वय झालं की जातात केस. तुमच्या वडिलांचे नाही का गेले?" कुरळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं विरुद्ध बाजूचं वकीलपत्र घेतलंय.

आणि मग माणसानं जे आयुष्यभर केलं तेच केलं. फाईल उघडली. लाल नाडीची, कोर्टातल्यासारखीच. आत रकाने पाडले: तारीख, किती गळाले, शेरा. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात, सगळ्यांचेच गळतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तरी शंभरच्या पुढचा प्रत्येक केस त्यांना फितूर झालेल्या साक्षीदारासारखा वाटायचा. रोज सकाळी बायको चहा घेऊन यायची तेव्हा हे उशीवर वाकून चिमटीत काहीतरी धरून बसलेले असायचे. "झाली का सुनावणी?" ती विचारायची.

या जगात केस वाढवायचे उपाय सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक असतात? टकल्यांना! बेलिफाच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण त्यानंच कांद्याचा रस सांगितला. महिनाभर वकीलसाहेबांची खोली अशी दरवळत होती की अशील आत येता येता नाक वर करून विचारायचे, "जेवणाची सुट्टी आहे का?" टंकलेखकानं अंडी सांगितली. कुरळ्यांनी ती गरम पाण्यानं धुतली, आणि डोक्यावर आम्लेट होतं म्हणजे काय ते बायकोला पाहायला मिळालं. कुणी म्हणालं, शीर्षासन करा, रक्त मुळांकडे जातं. रक्त गेलं की नाही देव जाणे, मान मात्र आठ दिवस एका बाजूलाच राहिली. न्यायाधीशांना वाटलं, हा माणूस आपल्याकडे तिरक्या नजरेनं बघतोय.

मग एक पांढऱ्या डगल्यातला केसतज्ज्ञ भेटला. त्याच्याकडे यंत्र होतं. ते डोक्यावर टेकवलं की समोरच्या पडद्यावर तुमची टाळू ओसाड माळासारखी दिसायची आणि माणूस जागच्या जागी सही करायचा. त्याच्या बाटल्या दोन वर्षं चालल्या. गळती त्याहून जोरात चालली.

शेवटी बायकोनं हाताला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नीट पाहिलं आणि पाच मिनिटांत सांगून टाकलं: हे घराण्यातून आलंय. लवकर आला असतात तर औषधानं बरंचसं टिकलं असतं, आता वरचं परत येणं कठीण. डोकं स्वच्छ ठेवा, खसाखसा पुसू नका, पोटभर नीट जेवा, झोपा, आणि रस-अंडी बंद करा. कुरळे बाहेर आले ते तोंड पाडून. इतक्या साध्या शब्दांत सांगणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवतो?

त्यांनी महिन्याची रजा टाकली आणि परत आले ते डोक्यावर कुरळं रान घेऊनच. टोप होता. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं बसवलेला, उन्हाळ्यात आत घामाचं तळं करणारा, अस्सल टोप. "औषध लागू पडलं," त्यांनी जाहीर करून टाकलं. सगळे म्हणाले, वा! बेलिफ तर "बाटलीचं नाव सांगा ना" म्हणून चार दिवस मागे लागला. कुरळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिथून पुढं तीन वर्षं त्यांनी वाऱ्याला पाठ दिली, पंख्याखालची खुर्ची टाळली आणि वाकून नमस्कार करणं सोडून दिलं. कुणाला कळलं तर या वयात तोंड कुठं लपवायचं, ही एकच धास्ती.

साहेबांच्या कपाटात त्या वेळी नऊ वर्षं चाललेली एकच केस होती. बाईंची. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, व्याकरण शिकवण्यात जन्म गेलेला. नवरा गेल्यावर पुतण्यानं घराच्या मागच्या खोलीवर हक्क सांगितला होता. त्या खोलीत बाई संध्याकाळी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. शिंपी, गाडी चालवणारे, घरकाम करणाऱ्या बायका, एक रखवालदार. "काकू, तुम्हाला पुढच्या दोन खोल्या पुरे," असं पुतण्या म्हणायचा. बाई म्हणायच्या, "मला पुरतील रे, त्यांना कुठं बसवू?" त्या प्रत्येक तारखेला यायच्या, साहेबांना भेटायच्या आणि मग तासभर कुरळ्यांजवळ बसायच्या. कारण कुठला कागद कुठल्या पानावर आहे हे साहेबांना नाही, कुरळ्यांना माहीत असायचं.

शेवटच्या युक्तिवादाच्या आदल्या दिवशी दुपारी कुरळे फायलींच्या कपाटाआड उभे राहून डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलत होते. आठवडाभर कानामागं आग होत होती आणि उरलीसुरली झालरही झडायला लागली होती. कपाटाच्या पलीकडं, अशिलांच्या बाकावर कोण येऊन बसलं होतं, ते त्यांना दिसत नव्हतं.

"गोडगोड नको, स्पष्ट सांगा. केस जाणार का?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, टोपाच्या पट्टीनं मुळं ओढली जातायत. काढा तो, नाहीतर कडेचंही राहणार नाही.

"म्हणजे केस जाणार म्हणजे जाणारच? अहो, नऊ वर्षं झगडतोय मी! ... मुळातच दम नाही म्हणता? ... बरं. म्हणजे सगळं परत मिळवायचा हट्ट सोडायचा आणि उरलंय तेवढं वाचवायचं. कळलं."

फोन खिशात घालून ते बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कुरळे नकला काढून खोलीत शिरले, आणि दारातच थबकले. साहेबांच्या समोर पुतण्या आणि त्याचा वकील मजेत बसले होते. टेबलावर तडजोडीचा कागद होता. मागची खोली पुतण्याला, पुढच्या दोन बाईंना, वाद संपला. बाईंच्या हातात पेन होतं.

"बाई, हे काय?"

"तडजोड करतेय," बाई म्हणाल्या. डोळे सुजलेले होते. "काल मी बाकावर बसले होते, कुरळे. तुमचं फोनवरचं ऐकलं. केस जाणार, मुळातच दम नाही, उरलंय तेवढं वाचवायचं. वकील अशिलाला धीर देतो, तो त्याचा धंदाच आहे. कारकून आडोशाला बोलतो ते खरं असतं. संध्याकाळी मी साहेबांना फोन केला, तडजोड करू म्हटलं. ते म्हणाले, उत्तम विचार."

कुरळे टेबलापाशी आले. "ती... ती दुसरी केस होती, बाई."

"नऊ वर्षांची दुसरी कुठली आहे या कपाटात?"

कुठली असणार, कप्पाळ! कुरळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब छताकडं बघत होते. बाईंनी कागद जवळ ओढला. कुरळ्यांना घाम फुटला, तो नेहमीप्रमाणे टोपाच्या आत साठला. गप्प राहिलं तर लाज वाचत होती आणि बाईंची खोली जात होती. हिशेब इतका सोपा होता की त्यांना स्वतःचाच राग आला. अरे, आपण उभे काय राहिलोय?

"बाई, थांबा! ती केस नाही! ते केस!"

पेन थांबलं. पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलेला हात होता तो, थांबणारच.

"पुल्लिंगी?"

"पुल्लिंगी, अनेकवचनी! डोक्यावरचे!"

"तुम्ही 'केस जाणार' म्हणालात," बाई हळूहळू म्हणाल्या. "गेली म्हणाला असतात तर खटला, गेले म्हणाला असतात तर डोकं. 'जाणार'ला दोन्ही चालतात."

"काकू, सही करा ना, व्याकरण नंतर," पुतण्या म्हणाला.

बाईंनी मान हलवली. "नाही हो कुरळे, मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही हे. तुमचे केस तर औषधानं आले ना? तीन वर्षांपूर्वी तुम्हीच सांगितलंत. हे एवढे दाट, ते जाणार कशाला?" आणि त्यांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

कुरळ्यांनी दोन्ही हातांनी टोप धरला आणि ओढला. चर्रर आवाज झाला, कानामागं आग झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण निघाला. त्यांनी तो तडजोडीच्या कागदावर ठेवला. टाळू लालेलाल झाली होती, कडेला विरळ झालर, मध्ये घामानं चकाकणारा गुळगुळीत गोटा.

पुतण्या खदाखदा हसला. साहेब मात्र खुर्चीतून ताडकन उठले. "अरे गाढवा! टोप आहे हे सगळ्या कोर्टाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! बेलिफापासून न्यायाधीशांपर्यंत! ते काय गुपित होतं उघडं करायला? माझी झालेली तडजोड मोडलीस!"

"तुमची?" बाई म्हणाल्या. "साहेब, एका शब्दात सांगा. माझ्या केसमध्ये दम आहे की नाही?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, फाईल पाहिली, नऊ वर्षांची जाडी पाहिली. ती आज वाचावी लागणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आहे," ते पुटपुटले. "तसा चांगलाच आहे. पण युक्तिवाद म्हणजे..."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. पुतण्याच्या वकिलानं टोप दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, कागद घेतला आणि पिशवीत घातला.

कुरळे भिंतीला टेकून उभे होते. तीन वर्षं सगळे "वा" म्हणाले होते, चार दिवस बेलिफानं बाटलीचं नाव विचारलं होतं, आणि आत कुठंतरी सगळे हसत होते. हे कळल्यावर माणसानं जमिनीत गडप व्हायला हवं. पण त्यांना बाईंकडं बघणंच त्याहून अवघड झालं होतं.

"मला नव्हतं हो माहीत," बाई म्हणाल्या. रागानं नाही, साधंच. "तुम्ही औषध म्हणालात, मी औषध समजले. भावाला पत्रातसुद्धा लिहिलं, की औषधानं केस येतात."

कुरळ्यांना कानाखाली बसली असती तर बरं वाटलं असतं. अख्ख्या कोर्टात त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवणारं एकच माणूस होतं, आणि त्या भरवशावरच ते आज आपली खोली सोडून द्यायला निघालं होतं.

"चुकलं, बाई," ते म्हणाले.

"हो, चुकलं," बाई म्हणाल्या आणि फाईल उचलून त्यांच्या हातात दिली. "आता अकराला पुकारा होईल. साहेबांचं वाचून व्हायचं नाही. तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहा आणि एकेक पान काढून द्या. आणि कुरळे, पान कमी पडलं, तर कमी पडलं असंच मला सांगा."

कुरळे तसेच उघड्या डोक्यानं जिना उतरले. फाईल त्यांनी छातीशी धरली होती, आणि मागून साहेब ओरडत होते, "अरे, निदान पहिलं पान कुठलं ते तरी सांग!"