मुबलक पाण्याची विहीर

बांगड्याचा कल्ला उचलायला आक्कांना एक बोट पुरत असे. भागी खारवीण मागीलदारी टोपली उतरवी, वरची पाने बाजूला सारी आणि मासळी उन्हात झळकू लागे. आक्का त्या झळाळीकडे पाहतही नसत. पदर सावरून एका बोटाने कल्ला वर करायच्या, आत लाल आहे की तपकिरी ते बघायच्या आणि मगच भाव विचारायच्या. भागी शपथा घेई. आक्कांचे उत्तर ठरलेले.

"ते राहू दे गो. कल्ला दाखव."

गंमत अशी की आक्का स्वतः मासळी खात नसत. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्या विधवा होऊन माहेरी परत आल्या, त्यानंतर त्यांच्या पानात मासळी पडली नाही. चव विसरून पस्तीस-चाळीस वर्षे झाली असतील. पारख मात्र तशीच राहिली होती. तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. ज्या पंगतीत आपले पान नाही, तिथले मीठ कमी पडले हे त्यांनाच आधी कळते.

मी त्या घरी जाऊ लागलो तो त्यांच्या धाकट्या भावासाठी. अण्णासाहेब रत्नागिरीतल्या आमच्या बंदराकडच्या भागाचे पुढारी. कौलांची वखार, अंगात लांब कोट, आणि बोलताना हात असा पसरायचा की समोर दोघेच असले तरी सभा भरल्यासारखे वाटावे. त्यांनी एक नगरसुधार मंडळी स्थापन केली होती. तिचे ते तहहयात अध्यक्ष, आणि मी, शाळेतला मास्तर, बिनपगारी चिटणीस. माझे अक्षर चांगले आणि वाचन बरे, एवढ्या दोन गुन्ह्यांबद्दल मला ही जागा मिळाली.

दरवर्षी अक्षय्यतृतीयेला संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मंडळीची वार्षिक सभा भरे आणि अण्णासाहेब वर्षभरातल्या कामगिरीचा अहवाल वाचत. तो मी लिहायचा. दोन दिवस आधी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून ते त्याची तालीम करत. आवाज असा लावत की तो माजघर ओलांडून थेट मागीलदारी पोचे. तिथे आक्का आमसुले उन्हातून काढत असत, नाहीतर तांदूळ निवडत असत.

"शहरातील भटक्या कुत्र्यांचा समूळ बंदोबस्त करण्यात आला," अण्णासाहेब वाचत.

"बाळ," मागून आवाज येई, "त्यातली एक परवा आपल्याच पडवीत व्यायली. पाच पिल्लं आहेत. समूळ म्हणजे किती रे?"

पन्नाशीच्या पुढाऱ्याला 'बाळ' म्हणणारे गावात दुसरे कोणी उरले नव्हते. अण्णासाहेब माझ्याकडे बघत आणि हळूच म्हणत, "समूळ काढा, मास्तर."

"रस्त्याच्या दुतर्फा वृक्षारोपण करून प्रवाशांसाठी सावलीची सोय केली."

"लावलीस खरी. शेळ्यांनी खाल्लान ती. सावली कुंपणाच्या काट्यांची पडते तेवढीच."

"चौकात नवा दिवा लावून—"

"आपल्या वळणावरचा दिवा गेला तो हाच ना? इथे गेला हे कुठे लिहिलंयस?"

"नागरिकांनी मंडळीविषयी कृतज्ञता व्यक्त केली."

यावर मात्र आक्का शांतपणे एवढेच विचारत, "कोणी? नाव सांग."

आक्का घराबाहेर फारशा पडत नसत. वर्षातून एकदा देवीला जायच्या, कोणाकडे आजारपण असले तर तिथे. पण सगळे गाव त्यांच्या मागीलदारी येऊन जाई. भागी खारवाड्याची खबर आणी, दूधवाली वरच्या आळीची, लाकडांची मोळी आणणारी म्हातारी मिरजोळ्याच्या बाजूची. अण्णासाहेब गावभर फिरून जे पाहत नसत, ते आक्कांना पाटावर बसल्या जागी कळे.

माझी वाक्ये त्यांच्या हातून फार क्वचित सुटली. वाईट वाटे, हे कबूल करतो. एखादे समासबद्ध वाक्य मी दोन दिवस घोळवलेले असे, आणि आक्का दोन शब्दांत त्याचे पोट फाडत. पण पुढच्या वर्षी लिहायला बसलो की माझाच हात आखडू लागला. 'समूळ' लिहिण्याआधी मी पडवीत डोकावू लागलो.

असे चालले असताना विहिरीचे वर्ष आले.

खारवाड्यात गोड्या पाण्याची विहीर नव्हती. खाडीकाठचे पाणी खारे. बायकांना टेकडीवरच्या झऱ्याला जावे लागे, पाखाडीच्या उंच पायऱ्या चढून, आणि उन्हाळ्यात तिथे एक कळशी भरायला अर्धा प्रहर लागे. मंडळीने वर्गणी गोळा केली, खोदकाम सुरू झाले. जांभा संपेपर्यंत ठीक चालले. खाली काळा कातळ लागला आणि ठेकेदाराने हात टेकले. पण वर चिऱ्यांचा कठडा बांधून झाला होता, रहाट बसला होता, आणि कठड्यावर 'कैलासवासी तीर्थरूपांच्या स्मरणार्थ' अशी अण्णासाहेबांच्या वडिलांच्या नावाची पाटीही लागली होती. उद्घाटनाला एक मोठे अधिकारी आले. त्यांनी रहाट फिरवून भरलेली कळशी वर काढली, टाळ्या झाल्या, नारळ फुटला. मी तिथे होतो. कळशी भरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि घरी येऊन लिहिले: 'विहिरीस मुबलक पाणी लागले असून काम पूर्ण झाले आहे.' 'मुबलक' हा शब्द माझा. मला तो फार शोभून दिसला.

तालमीच्या दिवशी मी जरा लवकर गेलो आणि मागच्या पडवीत हातपाय धूत होतो. आक्कांचे बोट कल्ल्यात होते.

"भागे, ही सकाळची नव्हे."

"आजचीच हाय, आक्का. पन ऊन चढला तिच्यावर. पान्याला गेलेली मी. पानी भरल्याबिगर बाजारात कशी येनार? बाकीच्यांची टोपली खाली होते तवा माझी उतरते."

"पाण्याला टेकडीवर? मग दारातली विहीर कशाला आहे? पाहुण्याने कळशी भरून काढलान ना?"

भागी हसायला लागली. हसता हसता टोपलीवर वाकली.

"काढलान तर. आमीच ओतलेलं ते. ठेकेदार बोल्ला, पावना येतोय, विहीर कोरडी बरी दिसनार नाय. आमी सात जनी पहाटेपासून झऱ्यावरून पानी आनून तिच्यात ओतत होतू. त्या दिवशी घरात थेंब नव्हता."

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी बांगडे घेतले, भागीने मागितला तो भाव दिला, आणि हे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी अण्णासाहेब त्या वाक्यापाशी आले. आवाज चढवून त्यांनी 'मुबलक' म्हटले.

"लागलं की ओतलं, बाळ?"

झोपाळा थांबला. अण्णासाहेब मला म्हणाले, "पुढे वाचतो." आक्का माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. ओटीवर परका माणूस असताना त्या तिथपर्यंत कधी येत नसत.

"काम पूर्ण असं वाचलंस तर उरलेली वर्गणी कुठे जाणार?"

ते आम्हा दोघांना ठाऊक होते. ठरावच तसा होता. विहीर पूर्ण झाली की शिल्लक स्वागताच्या कमानीकडे वळवायची. पावसाळ्यानंतर कलेक्टरसाहेब येणार होते, आणि अण्णासाहेबांचे नाव 'रावसाहेब' पदवीसाठी वर गेले होते, अशी कुजबुज होती. कुजबुज अण्णासाहेबांनीच सुरू केली होती.

"कमान झाली की कातळ फोडायला कोणी यायचं नाही," आक्का म्हणाल्या. "भागी जन्मभर टेकडी चढणार, आणि तिच्या दारात बाबांच्या नावाचा खड्डा."

"आक्का, तुला यातलं कळत नाही. पुढल्या वर्षी बघू. एकदा पूर्ण म्हटल्यावर—"

"बरं. मला नाही कळत. मग एवढंच कर. परवा बाबांचा उदककुंभ द्यायचा आहे. यंदा तो त्यांच्याच विहिरीच्या पाण्याने भरू. सर्वांस खुली आहे असं तूच वाचलंस."

अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला कुंभ भटजींना देतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या घरात हे दान कधी चुकले नव्हते. आक्का आत जाता जाता म्हणाल्या, "बाबांचं गलबत बंदर सोडण्याआधी तांडेल सांगायचा, पाण्याचं पिंप भरलंय. तरी बाबा झाकण काढून आत कोपरापर्यंत हात घालायचे. आठवतं ना तुला? तू त्यांच्या कडेवर असायचास."

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी अण्णासाहेबांनी मला बोलावले आणि तांब्याची कळशी हातात दिली. "जाऊन या, मास्तर," एवढेच म्हणाले. मला वाटते, निम्मा विश्वास त्यांना अजून होता. पुढारी माणसाला स्वतःचे भाषण ऐकून ऐकून ते खरे वाटू लागते. लिहिणाऱ्याचेही तसेच होते.

मी रहाटाला दोर लावून कळशी सोडली. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तांबे दगडावर आपटल्याचा आवाज आला. वर ओढली तेव्हा कळशीला पोचा पडला होता आणि आत थोडी लाल माती होती. भागी आपली भरलेली घागर घेऊन टेकडीवरून उतरत होती. ती थांबली.

"मास्तर, उगा दोर झिजवू नका. होता तेवढा पावन्यानं नेलान."

मी कळशी तशीच अण्णासाहेबांसमोर ठेवली. त्यांनी आत पाहिले. बोटाने माती काढली आणि चोळून पाहिली. उदककुंभ त्या दिवशी घरच्या विहिरीच्या पाण्याने भरला गेला. आक्कांनी पोचा पडलेली कळशी घासून जागेवर ठेवली. ते मला सगळ्यांत कठीण वाटले.

संध्याकाळी सभामंडप भरला. अण्णासाहेबांनी कुत्री, झाडे आणि दिवा नेहमीच्या थाटात वाचला. विहिरीपाशी येऊन त्यांनी कागद खाली केला.

"विहिरीचे काम अपुरे आहे. पाणी लागलेले नाही. उद्घाटनाच्या दिवशी वर आलेले पाणी बाहेरून आणून ओतलेले होते. मला ते कोणी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. कमान यंदा रहित करावी."

ते थांबले की टाळ्या वाजवायच्या, ही सभेची जुनी सवय. पुढच्या रांगेने टाळ्या सुरू केल्या. मग आपण कशाला टाळ्या वाजवतो आहोत हे हळूहळू लक्षात येऊन त्या एकेक करून थांबल्या. मंडळीच्या अहवालात 'अपुरे' हा शब्द गावाने प्रथमच ऐकला. काहींना तो अण्णासाहेबांचा अपमान वाटला, आणि तो कोणी केला हे त्यांना कळेना.

'रावसाहेब' झाले ते एक लाकडाचे व्यापारी. त्यांनी कमान बांधली. ती पुढच्या पावसात कलली. आमच्या विहिरीला पुढचा उन्हाळा सुरुंग लावण्यात गेला. मृगाच्या आठवडाभर आधी कातळातून पाणी आले.

दुसऱ्या दिवशी भागी मागीलदारी आली ती टोपलीशिवाय. हातात पितळी तांब्या होता, वर केळीचे पान. खारवाड्यातले पाणी त्या घरात कोणी घेत नसे. कामवाली दारातच आडवी उभी राहिली. आक्का उठल्या, तिला बाजूला केले, ओंजळ पुढे धरली आणि म्हणाल्या, "ओत."

मी ओटीवरून पुढच्या अहवालाचा माझा नवा कागद घेऊन आत आलो होतो. त्यावर 'अमृततुल्य गोड पाणी' असे लिहिले होते.

आक्कांनी घोट घेतला. डोळे मिटून थोडा वेळ तो तोंडात धरला.

"किंचित मचूळ आहे," त्या म्हणाल्या. "तसंच लिहा, मास्तर."

मग त्यांनी पुन्हा ओंजळ धरली. तांब्या संपेपर्यंत भागी ओतत राहिली.

त्यानंतरच्या माघात आक्का गेल्या. चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. त्या वर्षीच्या अहवालाची तालीम अण्णासाहेबांनी घेतलीच नाही. मी लिहून नेलेला कागद त्यांनी मनातल्या मनात वाचला, तीन वाक्ये स्वतःच खोडली आणि परत दिला.

अक्षय्यतृतीयेला सकाळी मी सभेच्या एका कागदावर सही घ्यायला गेलो, तर ते घरी नव्हते. वखारीतही नव्हते. कोणीतरी म्हणाले, खारवाड्याकडे गेले. मी पाखाडी उतरून तिकडे गेलो.

विहिरीवर बायकांची रांग होती. त्या रांगेत, लांब कोट घातलेले, डोक्याला पागोटे, हातात आक्कांच्या नावाचा कुंभ, असे अण्णासाहेब उभे होते. पुढची एक बाई भीतभीत बाजूला झाली, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि तिला जागेवर परत जायला सांगितले. कठड्यापाशी भागी रहाट ओढत होती. ती त्यांच्याकडे एकदा बघून आपली घागर भरत राहिली. बायकांचे थांबलेले बोलणे पुन्हा सुरू झाले, कोणाची होडी रात्री परतली, कोणाची नाही. ऊन चढत होते. मी कागद काखेत तसाच ठेवला आणि मागे फिरलो. त्यांच्या पुढे अजून सहा बायका होत्या.