सहा गावांचं कोर्ट

भीमराजला रॅकेट धरता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा हेच विचारतात की तो स्वतः कसा खेळायचा. खेळायचाच नाही. बीदरच्या एका क्लबात तो मार्कर होता. हॉल झाडायचा, नेट बांधायचं, साहेबलोकांची पडलेली फुलं उचलून द्यायची. शटलला आम्ही फूलच म्हणायचो. अकरा वर्षं त्यानं भिंतीला पाठ लावून त्यांचे खेळ बघितले आणि त्यातून एकच गोष्ट काढली : ही माणसं हातानं हरत नाहीत, पायानं हरतात.

तो राजेश्वर गावचा. छप्पन सालानंतर त्याच्या बापानं धम्म घेतला, गावकीची कामं सोडली आणि गावाशी वैर पत्करलं. भीमराज मराठीतून सातवी शिकला आणि बीदरला आला. क्लबाचा हॉल त्यानं झाडलेला चालायचा, पण तिथल्या बाकावर तो बसलेला चालायचा नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. असले नियम कुणी लिहीत नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. खेळाचं खातं माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकी कुणी घेईना. शाळेकडं चार रॅकेटी होत्या आणि हॉल नव्हता. क्लबाचा हॉल मागितला, तर मुलींना देता येणार नाही असं उत्तर आलं. कारण विचारलं, त्याला उत्तरच आलं नाही. चौथ्या दिवशी भीमराज शाळेच्या फाटकाशी उभा.

"बाई, पोरींना बॅडमिंटन शिकवायलाव म्हणं?"

"कसली शिकवते! हॉल नाही, फुलं नाहीत."

"फूल कामून लागतंय? पोरींना पाय हैत न्हवं?"

मला राग आला. मग वाटलं, बघू तरी काय म्हणतोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं शाळेमागच्या मैदानात चुन्यानं कोर्ट आखलं. बीदरची तांबडी मुरमाड जमीन. त्यावर त्यानं घागरीनं पाणी शिंपलं आणि मुलींना अनवाणी उभं केलं. कोर्टाच्या मधोमध राजेश्वर. नेटजवळच्या दोन कोपऱ्यांत उदगीर आणि औराद, दोन बाजूंना आमच्याकडचं कल्याण आणि बीदर, मागच्या कोपऱ्यांत गाणगापूर आणि चिंचोळी. नकाशा जसा, तसंच कोर्ट. तो ओरडायचा "औराद!" की मुलीनं राजेश्वरहून औरादला झेपावायचं, हवेत हात मारायचा आणि परत राजेश्वर. "चिंचोळी!" परत राजेश्वर. "गाणगापूर! उदगीर!" राजेश्वरला न येता परस्पर गेली तर, "बस चुकली तुजी, पुन्ना!"

त्याआधी कडब्याची ताटं हातभर अंतरानं आडवी मांडलेली असायची. त्यांच्या मधून पळत, उड्या मारत, कधी उलट्या पावलांनी जायचं. ताट मोडलं की पहिल्यापासून. आणि सगळं झाल्यावर तो ओल्या मातीवर उकिडवा बसून पावलांचे ठसे बघायचा. "ही टाच बघा बाई. टाच टेकली म्हंजी पोरगी थांबली. थांबली म्हंजी उशीर." रॅकेट मुलींच्या हातात तीन महिन्यांनी आली. तोपर्यंत माझ्या निम्म्या मुली पळून गेल्या होत्या. ज्या राहिल्या, त्या मांजरासारख्या वळायच्या.

त्यांतली गंगम्मा चौदा वर्षांची. शिवशंकरप्पांची मुलगी, त्यांचं तुरीचं अडत दुकान. घरात कन्नड, आमच्याशी मराठी. ती भीमराजला अण्णा म्हणायची. दुकानावर कुणीतरी शिवशंकरप्पांना टोचलं, तेव्हा ते माझ्याच देखत तिला म्हणाले, "अण्णा कशाला म्हणायचं त्याला?"

"मग काय म्हणू अप्पा? ए मार्कर?"

शिवशंकरप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना काही मदत केली नाही. तो विषय तिथंच संपला.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात गुलबर्ग्याला विभागाची निवड होती. चार जिल्ह्यांच्या मुली, त्यांतून चौघी घेणार. अर्जावर क्लबाचा शिक्का हवा होता आणि शिक्का क्लबाचे सेक्रेटरी वीरण्णा वकील यांच्याकडं. शिक्का मिळाला, पण मॅनेजर आणि कोच अशा दोन्ही जागी वकिलांनी स्वतःचं नाव घातलं. मी भांडले. "बाई, जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल हाय," म्हणाले. मग भीमराजकडं वळून : "यायचं तर ये सामान घेऊन. वर गॅलरीत बसायचं. खाली कोर्टाजवळ दिसलास तर सोमवारपासून क्लबात पाय ठेवायचा न्हाई. ऐकलास?"

"ऐकलं साहेब."

त्याच्या घरी बायको सरुबाई आणि तीन लेकरं. त्यानं ऐकलं यात मला नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

आणि मग वकिलांनी शिवशंकरप्पांना सांगितलं की अनवाणी मुलगी उतरवली तर गुलबर्ग्यात लोक हसतील. निघायच्या आदल्या दिवशी बूट आले. पांढरेशुभ्र, कॅनव्हासचे, आणि वाढत्या मापाचे. आपल्याकडं पोराला काही घ्यायचं तर वाढत्या मापाचंच घेतात, पुढच्या साली होईल म्हणून. पुढं कापूस कोंबला. गंगम्मा बूट उशाशी घेऊन झोपली. भीमराजनं ते हातात धरून उलटेपालटे करून बघितले आणि खूश झाला. मीही झाले. आम्ही तिघं सारखेच मूर्ख. सहा महिने त्या मुलीचे तळवे जमिनीशी बोलत होते, आणि ऐन वेळी आम्ही त्यांच्या तोंडात बोळा कोंबला.

समोर बल्लारीची मुलगी होती. उंच, हात सफाईचा. गंगम्मा पहिल्याच फुलाला नेटकडं गेली आणि घसरली. दुसऱ्या वेळी वळताना पाय बुटातल्या बुटात फिरला आणि बूट जागेवर राहिला. लोक हसलेच. जे होऊ नये म्हणून बूट घेतले, तेच झालं. पहिला गेम तिनं अकरा-दोननं घालवला. वकील खुर्चीतून ओरडत होते, "पळ की! पळायला काय झालंय?"

मी वर बघितलं. भीमराज गॅलरीच्या कठड्याशी उभा होता. मग नव्हता.

बाजू बदलायची वेळ होती. तो जिन्यानं खाली आला, वकिलांच्या समोरून गेला आणि कोर्टाच्या रेघेशी येऊन म्हणाला, "गंगम्मा, काढ ते. चूक माजी हाय. बूट बघून मी बी भुललो."

"काढायचे न्हाईत!" वकील उठले. "भीमराज, वर जा. मी काय बोल्लो होतो?"

"ध्यानात हाय साहेब."

"मग?"

"मग काय? आलो खाली."

अंपायर रायचूरचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, हे कोण? वकील म्हणाले, कोणी नाही, क्लबाचा गडी आहे. गंगम्मा तोवर खाली बसून नाड्या सोडत होती. मान वर न करता तीही कन्नडमध्येच म्हणाली, "माझे अण्णा आहेत. हेच शिकवतात." म्हाताऱ्यानं घड्याळ बघितलं. "शिकवणारे असतील तर खुर्चीत बसा. उभं राहू नका. आणि खेळ चालू असताना तोंड बंद." भीमराज बसला. वकिलांच्या शेजारच्याच खुर्चीत. वकील उठून हॉलबाहेर गेले. आमचं काही अडलं नाही.

दुसरा गेम अकरा-सात, आमचा. तिसऱ्याआधी पाच मिनिटं मिळतात. गंगम्मा पाणी पीत होती आणि भीमराज सिमेंटवर उमटलेली तिची घामाची पावलं बघत होता.

"गाणगापूरला टाच टेकायलीस."

"दमलेय अण्णा."

"ती तुज्यापेक्षा दमलीय. तिला माहीत न्हाई, एवढंच. गाणगापूरला टेकायचं न्हाई, तिथनं लगीच राजेश्वर."

गंगम्माचा फटका काही नामी नव्हता. फुलावर तिचा हात साधाच पडायचा. पण फूल कुठंही टाका, ही तिथं आधी. बल्लारीची मुलगी शेवटी चिडून बाहेर मारायला लागली. अकरा-आठ. दुपारी गुलबर्ग्याच्या मुलीनं गंगम्माला हरवलं, तरी निवडलेल्या चौघींत तिचं नाव तिसरं होतं.

परतीच्या बसमध्ये मी भीमराजला म्हटलं, "आता सोमवारी?"

"सोमवारी सोमवारचं बघू," तो म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला. मला झोप आली नाही.

सोमवारी त्याला क्लबाच्या दारात थांबवलं. मंगळवारी निरोप आला : लेखी माफी दे, नोकरी राहील. कागद कन्नडमध्ये हवा होता. भीमराजला कन्नड बोलता येई, लिहिता येत नसे. संध्याकाळी तो माझ्याकडं आला. मी दौत-टाक घेऊन बसले आणि मनातल्या मनात मजकूर जुळवूनही ठेवला. नमवून लिहायला मला कमी येत नाही, शिक्षण खात्यात वीस वर्षं तेच केलं होतं. तीन लेकरांचा प्रश्न होता. कागदावर नमलं तर काय बिघडतंय, असा माझा हिशेब.

"सांग, काय लिहू?"

"ल्ह्या. मी खाली उतरलो."

"हं."

"पोरीला मी लागत होतो, म्हणून उतरलो."

"पुढं?"

"पुन्ना लागलो तर पुन्ना उतरीन."

मी टाक थांबवला. "भीमराज, ही माफी नाही."

"व्हय, न्हाईच."

"सरुबाईला विचारलंस?"

"तिनंच सांगितलं, चौथं वाक्य घालू नको म्हणून."

मी जुळवलेला मजकूर मनातच राहिला. तीन वाक्यं कन्नडमध्ये उतरवली, वाचून दाखवली. त्यानं खाली मराठीत सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. क्लबाला आठवड्यात दुसरा मार्कर मिळाला. भीमराज मार्केट यार्डात पोती उचलायला लागला. पहाटे साडेपाचला मैदान, सातला यार्ड, अशी सोळा वर्षं. पण त्या संध्याकाळी, शाई वाळायची वाटसुद्धा न बघता, तो कागद हातात उघडा धरून तो क्लबाकडं निघाला. मी म्हटलं, घडी तरी घाल. म्हणाला, "कामून? वाचू द्या की लोकांना."